कायमचा पत्ता : तालुका साक्री

संपादकांनी पोलीस खात्यातल्या थरारक हकीकती मागितल्या होत्या. माझ्याजवळ त्या नाहीत, असे मी कळवले. मी दरोडेखोर पकडला नाही, गोळी झाडली नाही. माझ्या नोकरीचा मोठा भाग जळगाव आणि धुळे या दोन जिल्ह्यांत एकच प्रश्न विचारण्यात गेला : हा माणूस येथे राहतो का? तेच लिहा, असे त्यांचे उत्तर आले. त्यामुळे दोष द्यायचा असल्यास तो संपादकांना द्यावा.

मी गोपनीय शाखेत होतो. नाव भारदस्त आहे, काम तसे नव्हते. सभा, मोर्चे, परदेशी पाहुणे यांच्या नोंदी ठेवायच्या, आणि पासपोर्टसाठी अर्ज केलेल्या माणसाची चौकशी करायची. अर्ज मुंबईला जाई. तेथून त्याची एक प्रत जिल्ह्याच्या पोलीस अधीक्षकांकडे येई आणि अधीक्षकांकडून ती आमच्या टेबलावर. आम्ही पाहायचे ते एवढेच : अर्जदार दिलेल्या पत्त्यावर राहतो का, तो भारताचा नागरिक आहे का, आणि त्याच्यावर काही गुन्हा आहे का. गुन्ह्याचे उत्तर ठाण्याच्या दप्तरात मिळे. नागरिकत्वाचे उत्तर बहुधा शाळेच्या दाखल्यावर मिळे. राहण्याचे उत्तर मात्र दप्तरात नसे. त्यासाठी एस.टी.ने जावे लागे, पुढे चालावे लागे आणि दोन शेजाऱ्यांचे जबाब घ्यावे लागत. अहवाल प्रतिकूल गेला की अर्ज तेथेच थांबे.

सुरुवातीला अर्जदार म्हणजे आखातात जाणारे गवंडी आणि फिटर, किंवा हजला जाणारे वृद्ध. पुढे त्यांत शिक्षक दिसू लागले. इथिओपिया, नायजेरिया, येमेन, मालदीव अशा देशांना त्यांच्या शाळांत इंग्रजी शिकवायला माणसे हवी होती, आणि आपल्याकडे इंग्रजी घेऊन एम.ए. झालेली मुले तालुक्याच्या गावी हंगामी पगारावर राबत होती. त्या देशांच्या अटी साध्या होत्या. पदवी हवी, शिकवण्याचा अनुभव हवा, प्रमाणपत्रे साक्षांकित हवीत, आणि कराराची मुदत संपेपर्यंत चालेल असा पासपोर्ट हवा. मजुराला परदेशी जाण्यापूर्वी सरकारची वेगळी परवानगी लागे, पदवीधराला त्यातून सूट होती. तसा शिक्का पासपोर्टवर मारून मिळे. त्या शिक्क्याचा शिक्षकांना फार अभिमान वाटे. पण शाळेचे सत्र कोणासाठी थांबत नसते. ठरलेल्या दिवसापर्यंत पासपोर्ट हाती नसला, तर नेमणूक दुसऱ्याला जाई.

माझ्या काही पद्धती होत्या. गणवेश घालायचा नाही. अर्जदाराच्या घरी आधी जायचे नाही. त्याच्या घरापासून तिसऱ्या घरी सुरुवात करायची. शेजाऱ्याला चौकशीचे कारण सांगायचे नाही. कारण सांगितले की माणूस खरे सांगायचे सोडून बरे सांगू लागतो. चहा घ्यायचा, दुसरे काही घ्यायचे नाही.

या पद्धती सर्वत्र चालत असे नाही. असोद्याला एका शेतकऱ्याचा मुलगा नायजेरियाला निघाला होता. मी तिसऱ्या घरी पोचण्यापूर्वी वडिलांनी मला फाट्यावरच गाठले. त्यांनी गावाला आधीच कळवून ठेवले होते. चावडीपाशी माणसे फेटे बांधून उभी होती. मी एका शेजाऱ्याला प्रश्न विचारला, उत्तर सगळ्यांनी दिले. निघताना एस.टी.च्या टपावर केळीचे घड चढवलेले मला दिसले. ते उतरवून घ्यायला लावले, तेव्हा वडील म्हणाले, "साहेब, तुम्ही कडक आहात हे ऐकलं होतं. पण केळ्यांनी तुमचं काय केलं?" घड खाली उतरेपर्यंत मी गाडी थांबवून ठेवली.

भुसावळच्या मिस डोरीन यांचे प्रकरण निराळे होते. रेल्वे कॉलनीतल्या अँग्लो-इंडियन कुटुंबातल्या त्या शिक्षिका. रेल्वेच्या कितीतरी मुलांना त्यांनी इंग्रजी शिकवले होते. पूर्वेकडच्या एका देशातल्या खाजगी शिकवणी-वर्गाने त्यांना निवडले, आणि नंतर अट कळवली की शिक्षक इंग्रजी मातृभाषा असलेल्या देशाचा नागरिक असला पाहिजे. मी चौकशीला गेलो तेव्हा त्यांनी ते पत्र माझ्यापुढे ठेवले. शांतपणे म्हणाल्या की त्यांच्या घरात त्यांच्या आजीपासून दुसरी भाषा बोलली गेलेली नाही, स्वयंपाकिणीशी बोलण्याचे हिंदी सोडून. माझ्या अहवालात एवढे लिहिता येईल का, असे त्यांनी विचारले. मी अर्ज उलटसुलट पाहिला. जन्मस्थळाला रकाना होता, नागरिकत्वाला होता, शरीरावरच्या खुणेला होता. मातृभाषेला नव्हता. तसे मी सांगितले. त्या म्हणाल्या, "खूण लिहिता, पण जीभ लिहीत नाही." पासपोर्ट त्यांना वेळेवर मिळाला. तो कोठे वापरला गेल्याचे माझ्या ऐकिवात नाही.

आता साक्रीकडचे प्रकरण. ते सांगण्यासाठीच हे लिहायला बसलो आहे.

अर्जदार यशवंत. आडनाव देत नाही. धुळ्याच्या एका खाजगी शाळेत इंग्रजी शिकवत असे आणि एका खोलीत भाड्याने राही. मालदीवच्या शाळेत त्याची निवड झाली होती. तेथील सत्र जानेवारीत सुरू होणार होते आणि माझ्या हाती कागद आला तेव्हा दिवाळी होऊन गेली होती. धुळ्याच्या खोलीची चौकशी निर्वेध झाली. पण खोलीत राहायला येऊन त्याला वर्ष झाले नव्हते. त्यामुळे कायमच्या पत्त्यावर जाणे भाग होते. तो पत्ता साक्री तालुक्यातल्या एका गावातील बुद्धवाड्याचा होता. मी त्याला म्हटले, उद्या बरोबर चला. तो म्हणाला, शाळेची कामे आहेत, आपण एकटेच जाऊन या. त्याने माझ्याकडे पाहणे टाळले. ते मी लक्षात ठेवले.

त्या वाड्यातली बहुतेक कुटुंबे दिवाळीनंतर ऊसतोडीला गुजरातेत जात. मुकादमाचा ट्रक येई, भांडी, कोयते, शेळ्या, मुले चढत, आणि उन्हाळ्यापर्यंत घरांना कुलपे लागत. मी सकाळी पोचलो तेव्हा दारादारांत गाठोडी बांधलेली होती. ट्रक दुसऱ्या दिवशी पहाटे येणार होता. म्हणजे जबाब मिळायचे तर त्याच दिवशी. नंतर तेथे शेजारी नव्हतेच.

मी तिसऱ्या घरी गेलो. बाहेर एक वृद्ध गृहस्थ कोयत्याला धार लावत होते. सगळे त्यांना नाना म्हणत. मी यशवंतचे नाव घेतले. धार लावणे थांबले नाही.

"कोन यशवंत?" ते अहिराणीत म्हणाले. "आठे त्या नावना कोनीच नही."

पुढच्या घरी एक बाई धान्य पोत्यात भरत होती. तिने तर शिक्षकाची शक्यताच निकालात काढली. "आमना गल्लीमा बठ्ठा अनाडी शेतस. मास्तर कोठेन येई?"

मी आणखी दोन दारे पाहिली. उत्तर तेच. शाळेच्या दाखल्यावर हेच गाव होते, अर्जावर हाच वाडा होता, आणि सगळा वाडा सांगत होता की असा माणूस नाही. कारण कळायला वेळ लागला नाही. आदल्या वर्षी गायरानाच्या जमिनीवरून तेथे तंटा झाल्याचे मी ठाण्याच्या दप्तरात वाचले होते. माझ्यासारखेच साध्या कपड्यांतले, बगलेत पिशवी असलेले दोघे पोलीस आले होते, नावे विचारली होती आणि वाड्यातली दोन तरुण मुले घेऊन गेले होते. तेव्हापासून त्या गल्लीत अनोळखी माणसापुढे कोणी कोणाला ओळखत नसे. ते आपल्या मास्तरला माझ्यापासून वाचवत होते. त्यांना ठाऊक नव्हते की ते 'नाही' म्हणत राहिले तर मला 'दिलेल्या पत्त्यावर आढळून आला नाही' असे लिहावे लागेल, आणि त्या एका ओळीने त्याची नोकरी जाईल.

कारण सांगायचे नाही, हा माझा नियम. आणि ऐकले तेच लिहायचे, हा खात्याचा. मी विहाराच्या ओट्यावर जाऊन बसलो. बसण्याखेरीज मला काही करता येण्यासारखे नव्हते. नानांनी चहा पाठवला. थोड्या वेळाने कोयता हातात घेऊनच स्वतः आले आणि म्हणाले, "सायेब, चहा मांगा, चहा देसूत. मानूस मांगू नका." भोवतीचे लोक हसले. मीही हसलो असतो, सवय नव्हती.

तेवढ्यात गर्दी बाजूला झाली आणि एक बाई पुढे आल्या. उंच, सडपातळ, हात पदरात गुंडाळलेले. नानांनी त्यांना परत जाण्याची खूण केली. त्यांनी तिकडे पाहिले नाही.

"त्यानी माय मी शे," त्या म्हणाल्या. "मन्हा पोऱ्या इंग्रजी शिकाडस. त्यामा काय गुन्हा शे, माले सांगा."

त्यांना सगळे तुळसाआक्का म्हणत. शेजाऱ्याला कारण सांगायचे नसते, पण आई म्हणजे शेजारी नव्हे. मी त्यांना बसायला सांगितले आणि म्हणालो की गुन्हा नाही. यशवंत परदेशी शिकवायला जात आहे, त्याच्या पासपोर्टची ही चौकशी आहे.

त्यांच्या चेहऱ्यावरून मला कळले की ही गोष्ट त्या माझ्याकडून प्रथम ऐकत होत्या. नानांनी ती ऐकून कोयता खाली ठेवला.

मग आक्कांनी विचारले, "कोठे?"

"मालदीवला. समुद्रातली बेटे आहेत."

"सुरतना फुडे?"

"बरेच पुढे."

"तठे पानी शे का?"

"चहूकडे आहे."

"पेवानं?"

"ते मला माहीत नाही, आक्का."

तेथे पिण्याचे पाणी असते का, हे मला खरेच माहीत नव्हते. माहीत असल्यासारखे बोलणे मला जमत नाही. मी कागद मांडीवर घेतला आणि ठरलेला प्रश्न विचारला. यशवंत येथे राहतो का?

"नही," त्या म्हणाल्या.

नाना दचकले. आक्कांचा आवाज चढला नव्हता. "तो धुयाले राहस. ऐतवारले येस, जेवस, जास. जो न सांगता समुद्रमा जाई राह्यना, तो आठे कसा राहस? तुमीच सांगा."

सकाळपासूनच्या सगळ्या नकारांत हा एकच नकार खरा होता, आणि सर्वांत वाईटही हाच होता. शेजाऱ्यांनी भीतीने 'नाही' म्हटले होते. ते बदलले असते. आईने 'नाही' म्हटले तर ते लिहिण्यावाचून गत्यंतर नव्हते. आक्कांनाही ते समजले होते, असे मला वाटते. त्या माझ्या लेखणीकडे पाहत होत्या. एका शब्दाने मुलगा राहणार होता, आणि तो शब्द त्यांनी उच्चारलेला होता.

मी त्यांची समजूत घातली नाही. ते माझे काम नव्हे. अर्जाचा रकाना न कळलेल्याला तो समजावून सांगणे हे मात्र माझे काम होते. मी म्हणालो, "आक्का, तो रोज कोठे झोपतो, हे यात विचारलेले नाही. हा कायमचा पत्ता आहे."

"कायमना म्हंजे?"

माझ्या नोकरीत हा प्रश्न मला कोणी विचारला नव्हता. खात्याच्या कोणत्याही परिपत्रकात त्याचे उत्तर नव्हते. मी म्हणालो, "माणूस दूर देशी असताना त्याचे काही बरेवाईट झाले, तर सरकार ज्या दारी कळवते, ते दार."

त्यांनी हात पदरातून बाहेर काढले. ते नुसतेच मांडीवर ठेवले. विहाराच्या मागे शेळ्या ओरडत होत्या. कोणी तरी त्यांना दोरीने एकत्र बांधत होते. आक्कांनी एकदा त्या दिशेला पाहिले, एकदा आपल्या घराच्या दाराकडे. मीही पाहिले. दाराला कडी होती, कुलूप शेजारी उंबऱ्यावर तयार ठेवलेले होते.

"मंग मन्हंच दार लिखा," त्या म्हणाल्या. "दुसरं कोनतं लिखशात? आठेच राहस तो." आणि नानांकडे वळल्या. "नाना, सांगा सायबले."

ज्या नानांना सकाळी यशवंत नावाचा माणूस माहीत नव्हता, त्यांनी घसा खाकरला आणि त्याचे चरित्र सुरू केले. तो कोणत्या साली चिंचेवरून पडला, पहिल्या परीक्षेला कोणाचा सदरा घालून गेला, त्याचे वडील सुरतेला मागावर काम करायला गेले ते कसे परत आलेच नाहीत, हे सगळे मला ऐकावे लागले. मी त्यातले एक वाक्य लिहून घेतले. पोत्यात धान्य भरणाऱ्या बाईंनी दुसरा जबाब दिला. त्यांना मी सकाळच्या उत्तराची आठवण करून दिली नाही. आक्कांनी अंगठा उमटवला. नंतर विचारले, "माले का नही सांगना तो?"

हा प्रश्न माझ्या कागदावर नव्हता. मी पिशवी उचलली.

दुपारी धुळ्याला पोचलो तो थेट त्याच्या शाळेत गेलो. वर्ग चालू होता. त्याला बाहेर बोलावले आणि सांगितले की तुमच्या आईला कळले आहे, माझ्याकडून. तो भिंतीला टेकला. म्हणाला, "पासपोर्ट आल्यावर सांगणार होतो. वडील गेले तसा मीही जातो, हे तिला एकदाच ऐकवायचं होतं. पासपोर्ट आलाच नसता, तर ऐकवावंच लागलं नसतं." मी म्हणालो, अहवाल अनुकूल आहे, आणि ट्रक उद्या पहाटे सुटतो, साक्रीची गाडी अजून आहे. त्याने खडू माझ्याच हातात दिला आणि तसाच निघाला. वर्गात जाऊन मुलांना घरी जा म्हणून मला सांगावे लागले. माझ्या आयुष्यातला तो एकमेव तास.

मायलेकांचे काय बोलणे झाले, ते मला ठाऊक नाही. जानेवारीत तो गेला.

पासपोर्टची मुदत संपते. यशवंतच्या पासपोर्टची संपली तेव्हा माझीही संपत आली होती. निवृत्तीला थोडे महिने उरले होते. त्याने नूतनीकरणासाठी तिकडच्या आपल्या वकिलातीत अर्ज केला होता आणि कायमच्या पत्त्याची चौकशी पुन्हा धुळ्याला आली होती. अशी कामे तोवर मी कनिष्ठांकडे देत असे. हे दिले नाही.

वाड्यात काही घरे पक्की झाली होती, विहाराला रंग होता. नाना हयात नव्हते. ओळखीचे कोणी दिसले नाही. मी पद्धतीप्रमाणे तिसऱ्या घरी सुरुवात केली. एक तरुण सून कपडे वाळत घालत होती. नाव घेताच तिने उत्तर दिले, अगदी पाठ केल्यासारखे.

"यशवंत मास्तर? आठेच राहस."

पुढच्या घरच्या गृहस्थांनीही तेच सांगितले आणि वर भर घातली की मास्तर आत्ताच मळ्यात गेले आहेत. त्यापुढच्या बाईंनी त्याला साक्रीच्या बाजाराला पाठवले होते. येतच असेल, म्हणाल्या, बसा. एका म्हाताऱ्याने तर त्याला सकाळीच अंघोळ करताना पाहिले होते. समुद्रापार असलेला माणूस त्या सकाळी त्या गल्लीत एकाच वेळी चार ठिकाणी होता. एकदा तो तेथे जन्मलाच नव्हता. आता तो तेथून हालायलाच तयार नव्हता. साध्या कपड्यांतला माणूस आला तर काय सांगायचे, हे त्या वाड्याला कोणीतरी इतक्या वर्षांत नीट शिकवून ठेवले होते.

आक्का दारात बसल्या होत्या. दृष्टी अधू झाली होती. मी कोण, हे सांगितले नाही. प्रश्न विचारला.

"आठेच राहस," त्या म्हणाल्या.

शेवटचा कधी आला होता, असे मी विचारले. माझ्यामागून आलेल्या तिसऱ्या घरच्या सुनेने हळूच सांगितले की दोन पोळे झाले. पण पत्र येते, पोरे वाचून दाखवतात.

शेजाऱ्यांचे जबाब मी नोंदवले नाहीत, कारण ते खोटे होते. आईचा जबाब नोंदवला. कायमचा पत्ता बरोबर असल्याचे लिहून सही केली आणि त्यांचा अंगठा घेतला. अंगठा घेताना मी त्यांचा हात धरला होता. तो सोडवून न घेता त्या म्हणाल्या,

"सायेब, त्या दिनले तुमले माहीत नव्हतं. तठे पेवानं पानी शे. पावसानं पानी हौदमा धरतस."

हे मी अहवालात लिहिले नाही. त्याला रकाना नव्हता.